बिब्याच्या शाईचे अकरा शर्ट

इब्राहीम रंगाऱ्याबद्दल मूल गावच्या बाजारात दोन गोष्टी सांगतात. एक, की त्याच्यासारखा कपडा ओळखणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाई. दुसरी, की त्यानं कोसमटोल्याच्या सात जवान पोरांची कातडी सोलून काढली. दोन्ही खऱ्या आहेत. पण हे जे चवीनं सांगणारे आहेत ना, त्यांतला एकही तिथी नव्हता. मी होतो. मी मुखरू शिंपी. माह्यं दुकान अन् त्याचं रंगाचं अंगण यांच्या मधात फक्त एक कुडाची भिंत. ते शर्ट माह्याच मशिनीवर शिवले होते. म्हणून मी सांगतो, अन् मधात कोणी बोलू नका.

दिसाले तो वाळका, उंच, दाढीले मेंदी लावलेला. हात कोपरापर्यंत असे, की मूळ रंग कोणता ते त्याच्या आईलेच माहीत. त्याचा बाप लुगड्याचं सूत लाल करे, आजाही तेच करे. छपाई मात्र याचं स्वतःचं खूळ होतं. शिवण झाडाच्या लाकडाचे ठसे तो स्वतः कोरे. मोहाचं पान, मासोळी, मोर, बैल. घर चालत होतं रंगाच्या कढईवर, ठशांवर नाई. तरी कढई उतरली, की हा ठसे पुसत बसे. अमिनाभाभी, त्याची घरवाली, मले म्हणे, "मुखरूभाऊ, तुमच्या दोस्ताले सांगा, लाकडाचा बैल दूध देत नाई."

मी म्हणे, "भाभी, खरा बैल बी देत नाई."

त्यावर ती हसे अन् तो रुसे. ठशांच्या बाबतीत त्याले गंमत चालत नसे.

कोणी कपडा घेऊन आलं, की कोणता रंग पाहिजे हे तो आधी विचारतच नसे. काठातून एक धागा ओढे, बिडीच्या विस्तवावर धरे अन् नाकापाशी नेऊन हुंगे. कागदासारखा जळला अन् राख भुरभुरली, तर कापूस. केस जळल्याचा वास आला, तर रेशीम नाई तर लोकर. मग जीभ लावून कपड्यात खळ किती आहे ते पाहे. मग धागा थुंकीनं ओला करून दोन बोटांत ताणे. माह्या गिऱ्हाइकांच्या नव्या थानांचे धागे असे ओढून ओढून त्यानं मले कितीदा शिव्या खाऊ घातल्या. मी ओरडलो, की म्हणे, "मुखरूभाऊ, कपडा आपलं गोत सांगते. ते न विचारता रंग देणं म्हणजे पोरीले न विचारता नवरा देणं." त्या काळात पोरीले कोण विचारत होतं? पण हा कपड्याले विचारे.

आता पटाचं सांगतो. धान खळ्यातून घरात आलं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव शंकरपट भरतात. बैलजोड्या पळवतात, अन् छकड्यावर उभा राहून जो जोडी हाकते तो धुरकरी. कोसमटोल्याचे नानाजी पाटील मोठे हौशी. त्यांच्या गावच्या अकरा जोड्या पटात उतरत. चौपन सालच्या पटाच्या आधी त्यांच्या डोक्यात आलं, की आपले धुरकरी गर्दीतून ओळखू याले पाहिजेत. शर्टाच्या छातीवर बैलाचं मुंडकं अन् खाली नंबर. काम इब्राहीमभाईले मिळालं. त्यानं शहरातून आलेल्या पुडीचा लाल रंग वापरला.

काय सांगू बाप्पा! दुपारी घाम सुटला अन् बैल वितळले. धोतरं गुलाबी, छकडे गुलाबी, खऱ्या बैलांच्या पाठी गुलाबी. लोक ओरडून राह्यले होते, "कोसमटोल्याची होळी यंदा पटातच!" इब्राहीमभाई गर्दीतच उभा होता. तो तोंड लपवून पळाला नाई, पण त्याच्या तोंडाकडे मले पाहवलं नाई.

नानाजी तसेच घरी गेले. पुढच्या बाजारी आले अन् शांतपणे म्हणाले, "इब्राहीम, आणखी एक डाव तुले देतो. पुन्हा रंग सुटला, तर शर्ट नागपूरवरून छापून आणीन. अन् या भागातल्या कोणत्याच गावाले तुह्याकडून ठसा मारून घेऊ देणार नाई."

आजूबाजूच्या बारा गावांच्या पंचांत नानाजीचा शब्द चाले, म्हणून ही काही पोकळ धमकी नव्हती. इब्राहीमभाईची छपाई त्या एका कामावर लटकली. कढई राहणार होती, ठसे जाणार होते. वर्षभर तो माणूस नीट जेवला नाई, अन् भाभीनं मले दहादा विचारलं, की याले कोणी काही करणी तर केली नाई?

पंचावन साल उजाडलं. पट आठ दिवसांवर आला तेव्हा नानाजी आले. खाकेत कागदात गुंडाळलेलं थान. उघडलं तर चकचकीत, मऊ, मोत्यासारखं पांढरं. नकली रेशीम.

"चांद्याहून आणलं," नानाजी म्हणाले. "यावर ठसा कसा उठून दिसंल, पाह्य."

इब्राहीमभाईनं दोन धागे ओढले. एक जाळला. "कागदासारखा जळते. नावाचं रेशीम आहे, नानाजी." दुसरा नानाजीच्या हातात देल्ला. "ताणा." नानाजीनं ताणला, धागा तुटला नाई. मग तोच धागा पाण्यात बुडवून पुन्हा देल्ला. "आता ताणा." बोटं लागता लागता तुटला.

"धुरकरी घामानं ओला झाला, कासरा ओढाले हात उचलला, की खांद्यातून फाटंल. मांजरपाट घ्या. जाडाभरडा आहे, पण ओला झाला की आणखी घट्ट होते."

नानाजीचं तोंड उतरलं. हौसेनं आणलेलं थान! पण माणूस समजदार होता, मांजरपाट घेतला. मी रातदिन मशीन हाणून तीन दिवसांत अकरा शर्ट शिवले. त्याआधी इब्राहीमभाईनं कपडा सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढून टाकली. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. कपड्यात तो कधीच चुकला नाई.

चूक झाली शाईत. पुडीच्या रंगाचं त्याच्यापुढे कोणी नाव काढत नव्हतं. दुसरा होता लोखंडाचा काळा. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवाचं, कपडा हिरड्याच्या पाण्यात भिजवाचा, मग ठसा मारला की काळा पक्का चढते. त्याच्या बापानं असं काळं रंगवलेल्या सुताचे काठ मी अजून पाहतो. पण लोखंड आंबाले वीस दिवस लागतात, अन् नानाजीले जाग आली होती आठ दिवस आधी. अन् हा शहाणा वर्षभर जेवला नाई, पण लोखंड काही आंबवून ठेवलं नाई! विचारलं तर म्हणे, "काम येईल याचा भरवसा नव्हता, मुखरूभाऊ." म्हणजे भीतीनं माणूस तयारी करते म्हणतात ना, ते खोटं आहे. भीतीनं माणूस नुसता बसून राहते.

राहिला बिबा. हिवाळ्यात आमच्या जंगलात बिबा पिकते. त्याचं फळ फोडलं, की काळं तेल निघते. धोबी त्याच तेलानं कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करतात अन् वरून चुना लावतात. कपडा फाटून चिंधी होते, पण खूण जात नाई.

"बिब्याची शाई करतो," इब्राहीमभाई म्हणाला.

मी ताडकन उठलो. मले बिबा भयंकर उतते. लहानपणी एकदा बिब्याच्या झाडाखाली निजलो होतो, तर तोंड असं सुजलं, की घरी गेल्यावर आईनं दारातून विचारलं, कोणाचा गा तू? "अबे, अकरा पोरांच्या छातीवर बिबा लावतो? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चुना पडला की बिबा मरते. धोब्याच्या खुणेनं कधी कोणाची मान सोलली? सांग."

तशी मान मी कधी पाह्यली नव्हती. तरी त्यानं आंधळेपणानं केलं असं कोणी म्हणू नये. एक शर्ट छापला, चुना लावला, भट्टीत उकळला, अन् उघड्या अंगावर घालून दोन दिवस उन्हात कढई ढवळली. काही झालं नाई. भाभीनं छापलेली चिंधी दंडाले बांधून ठेवली. तिलेही काही झालं नाई. मग मीच म्हटलं, छाप बाप्पा, एवढी परीक्षा तर गिरणीत बी होत नसंल.

शर्ट छापले, एकदा उकळले, वाळले अन् गेले. पट दोन दिवस चालला. उन्हात, धुळीत, घामात ते अकरा बैल जसेच्या तसे. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोरांनी शर्ट नदीवर दगडाले आपटून धुतले अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. रंग तसूभर हलला नाई. सात नंबरचा लटारू, रुखमाबाईचा पोरगा, त्याची जोडी दुसरी आली. लोक ओरडून राह्यले होते, "सात! सात!" नानाजीनं भर गर्दीत इब्राहीमभाईच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या सालचं काम तुह्यंच." आणखी तीन गावांच्या माणसांनी तिथल्या तिथी शर्ट सांगितले. इब्राहीमभाई माह्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मीही रडलो. लोकांनी पाह्यलं तर पाह्यलं.

पट संपला सोमवारी. बुधवारच्या बाजारात सोमारी आली. ती कोसमटोल्याची, लाख विकणारी. पाटी खाली ठेवत म्हणाली, "गावात माता आली जी. मी पहाटेच निघाली म्हणून सुटली. आता कोणाले बाहेर सोडत नाईत अन् आत येऊ देत नाईत."

माता म्हणजे देवी, मोठे फोड. ते दिवस तसेच होते, दरसाल कुठी ना कुठी उठे.

"किती जणाले?" इब्राहीमभाईनं विचारलं.

"सात जणाले. रुखमाबाईच्या लटारूचे तर डोळेच मिटले."

तिनं सातही नावं सांगितली. सातही धुरकरी. बाई नाई, लेकरू नाई, म्हातारा नाई. माता काय छकड्यावर बसून आली होती? मी इब्राहीमभाईकडे पाह्यलं, त्यानं माह्याकडे. तो सोमारीले म्हणाला, "बाकीचे चार धुरकरी? त्यांनी आत बंडी घातली होती का?" ती म्हणाली, "मले काय माहीत, बापा?" पण मले माहीत होतं. त्या चौघांच्या बंड्या मीच शिवल्या होत्या.

अमिनाभाभी कढईपाशी होती. तिनं ऐकलं अन् ढवळाचं लाकूड तिथीच टाकलं. मग आपले दोन्ही हात पुढे करून नवऱ्याले म्हणाली, "अजी, परीक्षा तुम्ही या चमडीवर केली? लहानपणापासून गोडंबीसाठी बिबे फोडून राह्यलो आपण. हिले काय कळते? ही तर मेलेली चमडी आहे."

खाई त्याले खवखवे म्हणतात. मी खाल्लं नव्हतं, पण वाढलं तर होतं. मले बी खवखवाले लागलं.

आता मी जे बोललो ते लपवत नाई. मी म्हटलं, "चूप राह्य. लोक माता म्हणतात, तर माता. आठ-दहा दिवसांत फोड उतरतील. कोणाले कळणार नाई. रंग टिकला, नाव झालं, तीन गावांचं काम आलं. आता तोंड उघडशील, तर ठसे चुलीत घालाले लागतील."

"अन् तेल?" तो म्हणाला.

ते माह्या ध्यानातच आलं नव्हतं. बिबा उतला, की त्याले खोबरं पाहिजे, चारोळी पाहिजे, तेल पाहिजे. आमच्याकडे शेंबडं पोरगं बी हे सांगंल. अन् ज्या घरात माता, त्या घरात तेल वर्ज्य. फोडणी नाई, तळण नाई, डोक्याले थेंब नाई. नुसता कडुलिंबाचा पाला अन् गार पाणी. म्हणजे तिथी सात पोरं आगीत पडली होती, अन् त्यांच्या मायाच त्यांचं औषध दाराबाहेर ठेवून राह्यल्या होत्या.

तरी तो बुधवारी गेला नाई. मीच जाऊ देल्लं नाई, अन् त्यानंही पाय उचलला नाई. दिवसभर ठसे काढून पुसत बसला. माणूस चांगला होता म्हणून मी ही गोष्ट गाळू काय? तो एक दिवस आम्ही दोघांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी, बस्तरवारी सकाळी तो निघाला. मी संग गेलो. का गेलो? खरं सांगतो, रस्त्यात समजावून परत आणीन म्हणून गेलो. चार कोस बोललो. माणसानं चाल काही कमी केली नाई.

गावाच्या शिवेवर कडुलिंबाचं तोरण ओढलं होतं. पलीकडे नानाजी अन् चार-पाच माणसं बसली होती. इब्राहीमभाईनं तोरणाच्या अलीकडूनच हात जोडले अन् सगळं सांगितलं. बिबा, चुना, स्वतःच्या अंगावरची परीक्षा, सगळं.

नानाजी उठून तोरणापाशी आले. मग म्हणाले, "शुद्धीत आहेस ना? ताप आहे, फोड आहेत, सगळ्या गावानं माता म्हटली. तू शर्टाचं काय घेऊन बसला?"

मी इब्राहीमभाईची बाही ओढली. झालं ना? सांगितलं, त्यांनी मानलं नाई. आता चाल. पण तो तोरणाखालून वाकून आत गेला अन् सरळ रुखमाबाईच्या अंगणापाशी उभा राह्यला. त्याच्या मागं मी, अन् माह्या मागं ओरडत नानाजी.

रुखमाबाई दारात आली. केस मोकळे, हातात पाला. तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला पोरगा इसरू मातेतच गेला होता. तेव्हा घरात कोणीतरी चोरून फोडणी दिली होती, अन् त्या फोडणीनंच पोरगा गेला, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

"बाई," इब्राहीमभाई म्हणाला, "ही माता नाई. ही माह्यी शाई आहे. लटारूच्या अंगाले खोबरं-चारोळी लावा. तेल लावा."

"तेल?" ती अशी ओरडली, की शेजारच्या बाया दारात आल्या. "एक नेला तेलानं. आता दुसऱ्याले बी तेल लावून मारू? तुह्या शाईनं झालं म्हणतोस, तर तूच घाल ना तो शर्ट! पाहू दे आम्हाले."

लटारूचा शर्ट कुंपणावर वाळत होता. नानाजी म्हणाले, "घाल. घालून दाखव."

किती सोपं होतं पाहा. शर्ट घालाचा, सकाळपर्यंत बसाचं, अंगावर काही उठणार नव्हतं, अन् पाटलाच्या तोंडूनच साबित झालं असतं, की ही माता आहे. ठसेही वाचले असते. मी मनात म्हणून राह्यलो होतो, घाल, बाप्पा, घाल.

"मले उतत नाई," तो म्हणाला. "म्हणूनच तर चुकलो, बाई."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हे बरं आहे! याची शाई सगळ्याले उतते, यालेच उतत नाई." अन् तेवढ्यात आतून लटारूचा आवाज आला. चोवीस वर्षांचा पैलवान गडी, अन् आवाज असा जसा तान्ह्या लेकराचा. "माय वं, थेंबभर तेल दे वं. जळून राह्यलो." रुखमाबाई तिथी दारातच कपाळ बडवाले लागली, पण आत गेली नाई, तेल घेतलं नाई.

इब्राहीमभाईनं माह्याकडे पाह्यलं. तोंडानं मागितलं नाई. कसम सांगतो, पाह्यलं अन् लगेच नजर खाली घातली. मले असा राग आला! त्याच्या बिब्याचा, त्याच्या ठशांचा, त्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला, सगळ्या गावासमोर. अन् शिव्या देता देताच बंडी काढली.

"आण तो शर्ट," मी म्हटलं. "मले उतते बिबा. माह्या आईले विचारा. मेली आहे ती, पण मूलमध्ये कोणालेही विचारा."

शर्ट पाण्यात भिजवून नानाजीनं स्वतःच्या हातानं मले घातला अन् अंगणातच उन्हात बसवलं. भीती वाटली काय? वाटली ना! संध्याकाळपर्यंत नुसती खाज होती. सकाळी शर्ट काढला, तेव्हा बाया तोंडावर पदर धरून मागं सरकल्या. माह्या छातीवर बैल उठला होता. लालबुंद, फुगलेला, दोन शिंगं, कपाळ, अन् खाली सात.

रुखमाबाई जवळ आली. तिनं बोटानं शिंग चाचपलं. मग आत गेली. तिनं लटारूच्या छातीवरचा पाला बाजूले केला असंल, तिथीही तोच बैल दिसला असंल. अन् मग नारळ फोडल्याचा आवाज आला. घरात दुसरा नारळ नव्हता. मातेपुढे मांडलेला होता, तोच तिनं फोडला. "माफ कर माय, माफ कर माय," असं म्हणत पाट्यावर खोबरं अन् चारोळी वाटून राह्यली होती, अन् आम्ही अंगणात उभे राहून ते ऐकून राह्यलो होतो. घराघरात पाटे वाजाले लागले.

पोराचं झाल्यावर उरलेलं वाटण घेऊन ती बाहेर आली अन् माह्या छातीले लावलं. मी वयानं तिच्यापेक्षा फार लहान नव्हतो, पण म्हणाली, "हाल नको, बाबू." मग इब्राहीमभाईकडे वळली. मले वाटलं, आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आधी काऊन आला नाई?" तिनं विचारलं. "परवा काऊन आला नाई?"

जबाब माह्यापाशी होता, अन् मी छातीवरचं वाटण सारखं करत बसलो.

सातही पोरं वाचली. लटारूले उठाले महिना लागला अन् त्याच्या डाव्या डोळ्यातून वर्षभर पाणी येत राह्यलं. नानाजीनं चारचौघांत एवढंच सांगितलं, "इब्राहीम, खरं बोललास म्हणून पोलिसात देत नाई. पण ठसे बंद." त्यानं मान हलवली. घरी आला अन् सगळे ठसे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. भाभीनं माह्यापाशी कबूल केलं, की आयुष्यभर ज्या ठशांले शिव्या देल्ल्या, ते माळ्यावर गेले तर तिलेच घरात करमत नव्हतं. पावणेतीन वर्षं तो सूत लाल करत राह्यला. बोलणं कमी झालं. कपडा आला की धागा मात्र ओढे.

मग एका दिवाळीनंतर रुखमाबाई मूलले आली. काखेत मांजरपाट. लटारू पुन्हा पटात जोडी घालणार होता. "त्याले बैल पाहिजे शर्टावर. म्हणते, इब्राहीमभाऊचाच पाहिजे, नाई तर उघड्या अंगानं हाकतो."

"नानाजी?" इब्राहीमभाईनं विचारलं.

"नानाजीले मी पाहून घेतो."

त्यानं कपडा हातात घेतला, धागा ओढला, हुंगला. मग घडी घालून तिच्यापुढे ठेवला. "नाई, बाई. लोखंडाचा काळा करू शकतो, त्यात बिबा नाई. पण त्यातही काय आहे काय नाई, माह्या चमडीले विचारून उपयोग नाई. अन् दुसऱ्याची चमडी मी मागत नाई."

रुखमाबाई माह्याकडे पाहाले लागली. मी आपला मशिनीत तेल सोडून राह्यलो होतो, माह्यं काही देणंघेणं नाई अशा थाटात. पण किती वेळ? मी बाही वर केली अन् हात त्याच्या मांडीवर आपटला. "मागू नको. घे."

वीस दिवसांनी लोखंड आंबलं. त्यानं पोतं माळ्यावरून उतरवलं, सगळ्यांत लहान ठसा काढला अन् माह्या हातावर दाबला. मग समोर बसला. कढई थंड झाली, भाभी दोनदा जेवाले बोलावून गेली, दिवस कलला, अन् हा माणूस माह्या हाताकडे पाहत बसलेला.

"अबे, काही नाई होऊन राह्यलं," मी म्हटलं. "जाऊ दे मले. दुकानात गिऱ्हाईक बसलं आहे."

"उद्या सकाळपर्यंत थांब," तो म्हणाला.

मी थांबलो.